पळायचे की ओढायचे?

मराठीच्या प्राध्यापकाला नौकेची माहिती ती किती असणार? आमची नौका वर्गात भवसागर तरून जाते आणि तास संपतो. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत हर्णैचा एक जुना विद्यार्थी मला घरी घेऊन गेला आणि "सर, तुम्हीच बाबांना समजवा," म्हणाला, तेव्हा मी बिचकलोच.

अंगणापलीकडे नव्या बोटीचा सांगाडा उभा होता. बोट मोठी; सहा-सात खलाशी, बर्फ आणि जाळी घेऊन चार-चार दिवस बाहेर राहणारी. चिरंजीवांना हवी होती मागच्या फळीवर टांगायची दोन आउटबोर्ड इंजिने. वडिलांना पोटात बसवायचे एक डिझेल. कर्ज मात्र एकदाच मिळणार होते.

मुलाची बाजू लंगडी नव्हती. आउटबोर्ड वजनाला हलके, उथळ पाण्यात वर उचलता येते, बिघडले तर काढून दुरुस्तीला नेता येते. शिवाय वेग! लिलावाला आधी पोहोचेल त्याच्या मासळीला भाव.

"मास्तर," नाखवा शांतपणे म्हणाले, "आपल्याला पळायचंय की ओढायचंय?"

मग त्यांनी माझा तास घेतला. जाळे ओढताना बोट चालते सावकाश, पण जोर लागतो मोठा. आउटबोर्डचा लहान पंखा भरभर फिरतो आणि हलक्या होडीला पळवतो. डिझेलचा मोठा पंखा सावकाश फिरून ओझे रेटतो. लाटेने मागची बाजू उचलली की टांगलेला पंखा पाण्याबाहेर गरगरतो. जाळे मागून घ्यावे, तर तिथेच इंजिने आडवी. पेट्रोल जास्त जळते आणि त्याची वाफ चटकन पेट घेते, ते निराळेच.

"डिझेलला ठिणगी लागत नाही. सायकलचा पंप मारताना गरम होतो ना? तसंच. हवा एवढी दाबायची की तेल आपोआप पेटतं."

मीही विद्वत्ता पाजळली. म्हटले, रुडॉल्फ डीझेलचे हे इंजिन १८९७ साली यशस्वी झाले आणि १९१३ साली तो स्वतः बोटीवरून समुद्रात नाहीसा झाला. नाखवीणबाई चहा ठेवता ठेवता थबकल्या. "सणासुदीचं असलं बोलू नये, मास्तर!"

मी ओशाळलो. तेवढ्यात मुलगा हळूच म्हणाला, "बाबा, काकांच्या बोटीलाही एकच इंजिन होतं."

कोणी बोलेना. ते इंजिन भर समुद्रात बंद पडले होते. बोट दोन रात्री वाहत होती. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या बोटीने ओढून आणली. पोराला वेग नको होता, दुसरे इंजिन हवे होते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले. बहुधा बापाच्याही.

नाखवा बराच वेळ सांगाड्याकडे पाहत राहिले. "डिझेलच बसवू," ते म्हणाले, "पण मागे एक जुनं, लहानसं आउटबोर्ड लावू. हळूहळू का होईना, घरी आणेल. रंगाचं पुढल्या वर्षी बघू."

हल्ली वर्गात भवसागर आला की मी मुलांना विचारतो, "नौका ठीक आहे, दुसरे इंजिन आहे ना?" मुले हसतात. हर्णैचा असता, तर तो हसला नसता.