तुरट घोट

सौभाग्यवतींना ही हकीकत छापील पानावरूनच कळणार, तेव्हा कबुली देऊनच टाकतो. २०२३ साली स्पेनमधल्या आरांदा दे दुएरो गावी मी तांबडी वाईन प्यायलो.

पहिल्याच घोटाला तोंड असे आकसले, की कच्चे जांभूळ चावले! खानावळीच्या मालकांनी खुणेनेच सांगितले: थांबा, आधी खा. पुढे आले मातीच्या पसरट थाळीतले, आईच्या दुधावरच वाढलेले कोकरू. मीठ, पाणी आणि लाकडाची भट्टी. मसाल्याचे नाव नाही. त्या स्निग्ध घासावर दुसरा घोट घेतला, आणि तुरटपणा निवला. तो येतो द्राक्षांच्या साली-बियांतून. मांसातली प्रथिने व चरबी भेटली की जिभेचा पिच्छा सोडतो. मासळीशी मात्र हिचे जमत नाही, तोंड धातूसारखे होते.

द्राक्षाचे नाव टेंप्रानिल्यो. ‘टेंप्रानो’ म्हणजे लवकर. हे इतरांआधी पिकते. (व्युत्पत्तीची खोड परदेशीही सुटत नाही.)

येताना बाटली आणली नाही, तसली मातीची थाळी आणली. घरी सध्या तीत दही लागते. ती कुठली, असे सौभाग्यवतींनी दोनदा विचारले आहे.