२०० शोध, ४० पेटंट्स आणि माझी एक रील: पेटंटमुळे नेमकं काय मिळतं?

जूचंद्रमध्ये रांगोळीचा विषय निघाला की कुणी गप्प बसत नाही. नायगावजवळचं हे आमचं गाव रांगोळी कलाकारांसाठीच ओळखलं जातं. गेल्या दिवाळीआधी शेजारच्या काकांनी एक भन्नाट वस्तू बनवली. प्लास्टिकची नळी, खाली बारीक जाळी आणि बाजूला जुन्या मोबाइलमधली व्हायब्रेशनची मोटर. बटण दाबलं की नळी थरथरते आणि रांगोळी एकसारखी गळते. मी लगेच व्हिडिओ काढून रील टाकली. ती मस्त चालली.

चार महिन्यांनी काका मोबाइल घेऊन आले. एका शॉपिंग ॲपवर हुबेहूब तशीच वस्तू विकायला होती. "तू इंजिनिअर ना रे? पेटंट काढून टाकू आपण याचं." मी नियम वाचायला बसलो. वाचून जे कळलं ते काकांना सांगायला मला दोन दिवस लागले. पेटंटची संधी बहुतेक माझ्या रीलनेच घालवली होती.

रीलमुळे असं काय बिघडलं?

पेटंट मिळायला तीन गोष्टी लागतात. शोध नवा हवा, त्या क्षेत्रातल्या माणसाला सहज सुचेल असा नको, आणि तो उद्योगात वापरता यायला हवा. इथे 'नवा' म्हणजे अर्ज करायच्या आधी जगात कुठेही जाहीर न झालेला. सरकारने अधिसूचित केलेलं प्रदर्शन वगैरे मोजके अपवाद आहेत, पण इन्स्टाग्राम त्यात येत नाही. स्वतःच्या शोधाचा स्वतःच टाकलेला व्हिडिओसुद्धा आपल्याच विरोधात पुरावा ठरू शकतो.

पण पेटंट मिळालं असतं तर?

इथे मला शंकर आबाजी भिसे आठवतात. १८६७ मध्ये मुंबईत जन्मलेला हा माणूस 'भारताचा एडिसन' म्हणून ओळखला गेला. १८९० च्या दशकात लंडनच्या एका नियतकालिकाने स्पर्धा ठेवली होती: पावडरीसारख्या मालाचं वजन करून तो आपोआप देणारं यंत्र बनवा. भिसे जिंकले. म्हणजे पावडर नीट मोजून सोडायची कशी, हा काकांचाच प्रश्न त्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी सोडवला होता!

मग ते लंडनला गेले. स्वयंपाकघरातली उपकरणं, टेलिफोन, डोकेदुखीवरचं साधन, आपोआप फ्लश होणारं शौचालय, जे दिसेल त्यात त्यांनी डोकं घातलं. त्यांच्या नावावर सुमारे २०० शोध आणि ४० पेटंट्स सांगितली जातात. सगळ्यात मोठा शोध होता 'भिसोटाइप', छपाईचे खिळे झपाट्याने ओतणारं यंत्र. तेव्हा पुस्तक असो वा वर्तमानपत्र, सगळं शिशाच्या खिळ्यांवर चालायचं, त्यामुळे बाजारपेठ प्रचंड होती.

तरीही गाडी अडली, ती पैशाशी. दादाभाई नौरोजींनी मदत केली, पण मोठं भांडवल उभं राहिलं नाही आणि १९०८ मध्ये भिसे निराश होऊन भारतात परतले. गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या शब्दामुळे सर रतन टाटा पाठीशी उभे राहिले आणि टाटा-भिसे सिंडिकेट निघालं. तेही फार वर्षं टिकलं नाही. भिसे पुढे न्यूयॉर्कला गेले आणि ७ एप्रिल १९३५ ला तिथेच वारले.

त्यांच्याकडे कल्पना होत्या आणि पेटंट्सही होती. कमी पडलं ते यंत्र बनवून विकण्याचं बळ. पेटंट दुसऱ्याला तुमची वस्तू बनवण्यापासून रोखायचा हक्क देतं, भारतात अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं. गिऱ्हाईक आणि कारखाना तुम्हालाच शोधावा लागतो.

मग एक लाखाचा आकडा काय सांगतो?

१५ मार्च २०२३ ते १४ मार्च २०२४ या एका वर्षात भारतात एक लाखाहून जास्त पेटंट्स मंजूर झाली. आनंदाचीच गोष्ट आहे. पण भिसेंची गोष्ट वाचल्यावर माझा प्रश्न वेगळा आहे: यातली किती पेटंट्स खरोखर वापरात आहेत?

हे कळायला कायद्यात 'फॉर्म २७' आहे. पेटंट वापरात आहे की नाही, हे त्यात मालकाने सांगायचं असतं. आधी तो दरवर्षी भरावा लागायचा, २०२४ च्या नियमांनी तीन वर्षांतून एकदा केला. छोट्या माणसाची कटकट वाचली हे खरं, पण माहितीही उशिरा मिळणार. आणि ती किती कामाची असते ते २०१२ मध्ये दिसलं. कॅन्सरच्या एका औषधावर बायरचं पेटंट होतं, महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजार रुपये. नॅटकोला तेच औषध ८,८०० रुपयांत विकायचा सक्तीचा परवाना मिळाला. या निर्णयात बायरच्या फॉर्म २७ मधली माहितीही वापरली गेली होती. म्हणून हा फॉर्म उशिरा आला तरी चालेल, पण भरला गेला आणि सगळ्यांना सहज वाचता आला पाहिजे.

दुसरी अडचण काकांसारख्यांची. जर्मनी आणि चीनमध्ये छोट्या सुधारणांसाठी 'युटिलिटी मॉडेल' नावाचं कमी मुदतीचं संरक्षण मिळतं. भारतात ते नाही. इथे माहीत असलेल्या वस्तूंची नुसती नवी जोडणी केली, तर पेटंट नाकारलं जातं. गावोगावचे जुगाड बरेचदा इथेच अडकतात.

तुम्ही काय कराल?

- आधी अर्ज, मग रील. मित्रांच्या ग्रुपवरही जपून.
- सुरुवातीला तात्पुरता अर्ज करता येतो. व्यक्तीसाठी ऑनलाइन फी १,६०० रुपये आहे. संपूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात. तपासणीची फी आणि एजंटचा खर्च वेगळा.
- भारत सरकारच्या पेटंट वेबसाइटवर आणि गूगल पेटंट्सवर आधी शोधा. फुकट आहे.
- नुसती ॲपची कल्पना किंवा अल्गोरिदम यांना भारतात पेटंट मिळत नाही.
- वस्तू कोण बनवणार, कोण विकत घेणार, हे अर्ज भरतानाच लिहून काढा.

काका आता नळीच्या तोंडाशी वेगळीच झडप बसवतायत, चार रंग एकदम सोडायला. ती सहज सुचणारी नसेल तर तिच्यासाठी नवा अर्ज करता येईल. परवा बघायला गेलो तर त्यांनी पहिल्यांदा माझा फोन मागून घेतला आणि कपाटावर ठेवून दिला.