सात इंची पडदा आणि आईचा चष्मा

आई साताऱ्यात, मी सांगलीत. औषधांच्या नोंदी, तपासण्यांचे अहवाल आणि डॉक्टरांशी व्हिडिओवरून बोलणे यांसाठी एका स्नेह्यांकडून सात इंची पडद्याचा चिमुकला लॅपटॉप आठवडाभर मागून घेतला. २००७ मध्ये ‘आसुस’ने याच मापाचा ‘ई पीसी’ आणला, तेव्हापासूनचे कुतूहल होते.

वजन किलोभराहून कमी. खांद्यावरच्या पिशवीत सहज मावला. रेल्वेत तो मांडीवर घेऊन बसले आणि किर्लोस्करवाडी मागे पडली तोवर मान अवघडली.

घरी अडचण निराळीच निघाली. ‘पडदा डोळ्यांच्या पातळीवर हवा’ या नेहमीच्या सल्ल्यानुसार मी लॅपटॉप उंचावर ठेवला. परंतु आईचा चष्मा दुहेरी भिंगाचा; जवळचे दिसते ते खालच्या भागातून. वाचण्यासाठी तिला हनुवटी वर करावी लागे. मग तो खाली घेतला, पडदा मागे कलता केला, कंट्रोल आणि अधिकचे चिन्ह एकत्र दाबून अक्षरे मोठी केली. आता ती वाचू लागली. मात्र पडद्यावर चारच औषधे मावत. पाचवे, रात्रीचे, खाली दडले आणि तिने यादी संपली असे मानले. मी शेजारी होते म्हणून निभावले.

प्रवास करणाऱ्या माझ्यासारखीला हे यंत्र सोयीचे आहे, तिच्यासाठी नव्हे. ज्येष्ठांनी खरेदीपूर्वी नेहमीचा चष्मा लावून दुकानातच आपली औषधांची यादी उघडावी. ती न सरकवता पूर्ण वाचता आली नाही, तर मोठा पडदा मागावा.

आईची यादी तूर्त ठळक अक्षरांत फ्रीजवर चिकटवली आहे.