डब्याआधी कँटीन बघा

मैत्रिणींनो, शाळेच्या कँटीनमध्ये काय विकावं हे सरकारनं कशाला ठरवायचं, असं परवा भिशीत एकीनं विचारलं. अगं, ते कधीच ठरलंय! महाराष्ट्र सरकारनं २०१७ मध्ये कँटीनमधल्या चिप्स, नूडल्स, शीतपेयांवर बंदी घातली. २०२० मध्ये देशभरासाठी नियम झाला: जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ शाळेत आणि आवारापासून ५० मीटरपर्यंत विकायचे नाहीत.

तरी आमच्याकडच्या एका शाळेच्या फाटकाला लागूनच चिप्सच्या पुड्यांच्या माळा लटकतात. पाच रुपयांत पोट भरतं, पोळीभाजीचा डबा तसाच घरी येतो.

सक्ती हवीच. आईनं ‘नको’ म्हणायचं आणि शाळेनं विकायचं, मग मूल कुणाचं ऐकणार? पण नियम सरकारनं केला, तरी राखण आपल्यालाच करावी लागेल. पुढच्या पालकसभेत मार्कांच्या आधी कँटीनचं विचारू या!