पात्रता कुणाच्या बापाची?

रविवारी विहारात वंदना आटोपली आणि आमचा एक दोस्त फाईल घेऊन समोर येऊन बसला. निळी प्लॅस्टिकची फाईल. आत सर्टिफिकेटं, एकूणएक लॅमिनेशन केलेली. मुक्त विद्यापीठाची बी.ए., बाहेरून केलेलं एम.ए., मराठी टायपिंग ३०, इंग्रजी ४०, एम.एस.-सी.आय.टी., मॅनेजमेंटचा एक डिप्लोमा. वय ४४. नोकरी १९ वर्षं. एका सरकारी कचेरीत लिपिक म्हणून चिकटला, अजून लिपिकच. दहा वर्षांनी आश्वासित प्रगतीचं गाजर मिळालं, म्हणजे पगार वरच्या पदाचा आणि खुर्ची खालचीच. त्याच्यामागून आलेला एक पोरगा, नुसता बी.कॉम., आज त्याच्या फायलींवर सही करतो.

दोस्त विचारतो, ‘भाऊ, आता एल.एल.बी. करू का एम.बी.ए.? कशाने चान्स लागेल?’

वहिनी पाठीमागे चप्पल घालत उभ्या होत्या. म्हणाल्या, ‘पोरगी बारावीला आहे. तिची फी भरायची का यांची, तेवढं सांगा.’

हा सवाल एकट्याचा नाही. प्रत्येक वस्तीत, प्रत्येक झोपडपट्टीत, सरकारी क्वार्टर्सच्या प्रत्येक जिन्यावर असा एक निळ्या फाईलवाला सापडेल. म्हणून जाहीर उत्तर देतो. कडू लागलं तर लागू द्या.

आधी ही सर्टिफिकेटं कशी जमली ते ऐका. पहिल्यांदा साहेब म्हणाला, तुम्हाला कॉम्प्युटर येत नाही. याने एम.एस.-सी.आय.टी. केलं. साहेब बदलला. नवा म्हणाला, तुमची टिपणी कच्ची असते, भाषा सुधारा. याने एम.ए. केलं. तिसरा म्हणाला, माणसं हाताळता येत नाहीत तुम्हाला. याने डिप्लोमा केला, व्याजाने पैसे काढून. आता चौथा म्हणतो, कायदेशीर बाजू लंगडी आहे. आणि हा गडी पळतोच आहे. दरवेळी उंबरठा एक वीत पुढे सरकतो आणि हा बापडा समजतो, आपलीच पावलं आखूड.

अरे, तुला पुढे ढकलणारा कागद तुझ्या फाईलीत नाहीच. तो त्यांच्या फाईलीत आहे!

मी विचारलं, वरच्या पदाचे सेवाप्रवेश नियम वाचलेस का? नाही. सेवाज्येष्ठतेची यादी पाहिलीस? लावली होती बोर्डावर, पण गर्दी होती. बिंदुनामावली? म्हणजे काय भाऊ? गोपनीय अहवाल? साहेब म्हणाले, चांगलाच लिहिलाय.

१९ वर्षांत पाच सर्टिफिकेटं कमावलेल्या माणसाने आपल्याच नोकरीचा नियम वाचलेला नाही. मी त्याला दोष देत नाही. तो वाचू नये अशीच कचेरीची रचना आहे. नियमाचं पुस्तक आस्थापना शाखेच्या कपाटात, कपाटाची किल्ली बड्या बाबूच्या जानव्याला.

मग आम्ही दोघांनी तो नियम काढून वाचला. वरच्या पदाला काय लागतं? कुठल्याही शाखेची पदवी, ठरावीक वर्षांची सेवा आणि खात्याची परीक्षा. पदवी याच्याकडे नोकरीला लागतानाच होती. परीक्षा हा २०११ साली पास झाला. एम.ए. नाही, एम.बी.ए. नाही, वकिली नाही, काहीच मागितलेलं नाही तिथे. म्हणजे एवढी वर्षं साहेब लोकांनी ज्या पात्रतेच्या नावाने याला नाचवलं, ती पात्रता कागदावर अस्तित्वातच नव्हती. साल्यांनी तोंडाने कायदा केला आणि याने तो डोक्यावर घेतला.

इथे एक गोष्ट बजावून ठेवतो, नाहीतर कुणीतरी म्हणेल हे परीक्षाच देऊ नका म्हणतायत. खात्याची परीक्षा द्या आणि वेळेत द्या. काही खात्यांत ती ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या संधींत पास झाली नाही तर ज्येष्ठता जाते. तिथे आळस केला तर बोंब मारायला तोंड राहत नाही. नियमाने जे मागितलंय ते फेकून द्या त्यांच्या टेबलावर. नियमाने न मागितलेल्याला एक दमडी देऊ नका.

आता पात्रतेचा हा खेळ किती जुना आहे बघा. केरळात कनिष्ठ लिपिकांना वरिष्ठ लिपिक व्हायला खात्याच्या परीक्षा होत्या. अनुसूचित जाती-जमातींचे कारकून त्या भिंतीपाशी अडकून पडले. सरकारने १९७२ साली नियम केला, यांना परीक्षा पास करायला जादा मुदत द्या, तोवर बढती द्या. ५१ जागांपैकी ३४ या लोकांना मिळाल्या. लगेच एका कनिष्ठ लिपिकाने हायकोर्ट गाठलं, मी परीक्षा पास आहे, मला डावललं. हायकोर्टाने नियम मोडीत काढला. सुप्रीम कोर्टाने १९७५ साली एन. एम. थॉमस खटल्यात पाच विरुद्ध दोन मतांनी तो नियम पुन्हा उभा केला. समानता म्हणजे सगळ्यांना एकाच भिंतीवर चढायला लावणं नव्हे, हे तेव्हा कोर्टाला कळत होतं. कारकुनाच्या बढतीचा खटला, पण राखीव जागांच्या कायद्यात त्याचं नाव आजही घ्यावं लागतं. आमच्या किती कारकुनांना ठाऊक आहे? एम.बी.ए.च्या जाहिराती मात्र तोंडपाठ.

तेव्हा उघडलेलं दार पुढे कसं लोटत आणलं तेही ऐका. १९९२ ला इंद्रा साहनी खटल्यात कोर्ट म्हणालं, बढतीत आरक्षण नाही. १९९५ ला ७७वी घटनादुरुस्ती करून कलम १६(४अ) घातलं, दार पुन्हा किलकिलं झालं. २००६ ला नागराज खटल्यात कोर्टाने अटी लावल्या: मागासलेपणाची आकडेवारी आणा, प्रतिनिधित्व अपुरं असल्याची आकडेवारी आणा, आणि वर प्रशासनाची कार्यक्षमता बिघडत नाही ते सांगा. मागासलेपण सिद्ध करायची अट २०१८ ला जर्नेलसिंग खटल्यात अनुसूचित जाती-जमातींपुरती काढली, बाकीच्या दोन राहिल्या. आपल्या महाराष्ट्रात २५ मे २००४ च्या शासननिर्णयाने बढतीत ३३ टक्के राखीव होते. ४ ऑगस्ट २०१७ ला मुंबई हायकोर्टाने तो रद्द केला. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, आणि ७ मे २०२१ ला त्याच सरकारने हुकूम काढला की बढतीची सगळी पदं सेवाज्येष्ठतेने भरा. पुरोगामी महाराष्ट्र! शाहू-फुले-आंबेडकर भाषणाच्या पहिल्या ओळीत आणि आमची बढती शेवटच्या ओळीतसुद्धा नाही.

दोस्ता, या तारखांकडे नीट बघ. यातल्या एका तरी ठिकाणी तुझं एम.ए. उपयोगी पडलं का? ज्येष्ठतेच्या यादीत नाव वरखाली होतं ते तारखांच्या हिशोबाने. तिथे डिग्रीला कुणी हुंगत नाही.

आणि ‘कार्यक्षमता’ हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. कुणाची कार्यक्षमता? अश्विनी देशपांडे आणि थॉमस वाइसकॉफ या दोन अर्थशास्त्रज्ञांनी भारतीय रेल्वेचे १९८० ते २००२ चे आकडे तपासले. अनुसूचित जाती-जमातींचे कर्मचारी वाढले म्हणून रेल्वेची उत्पादकता घटली, असं कुठेही सापडलं नाही. वरच्या श्रेणीत तर काही ठिकाणी उलट चांगला परिणाम दिसला. २०१४ साली हे छापून आलंय. पण ज्यांना आमच्या हाताला गंज लागलेलाच बघायचाय ते आकडे कशाला वाचतील? गटारात उतरवताना नाही विचारत कुणी कार्यक्षमता. तिथे मुलाखत नाही, डिप्लोमा नाही. दोर बांधला की झाली नेमणूक.

मग याला अडवलं कशाने? गोपनीय अहवालाने. आतल्या गोटातून कळलं, दोन वर्षं ‘ब’ शेरा आहे. समितीला त्याहून वरचा हवा होता. याला कुणी कळवलं नाही. साहेब खोटं बोलला नाही म्हणा, ‘चांगला’च लिहिला होता! हेच दुखणं देव दत्त नावाच्या इंजिनिअरचं होतं. सीमेवरच्या रस्त्यांच्या खात्यात होता. एका वर्षी ‘चांगला’ शेरा, बढतीला हवा ‘खूप चांगला’. माणूस कापला गेला आणि त्याला पत्ताच नाही. सुप्रीम कोर्टाने २००८ साली सांगितलं, वाईट असो बरा असो, प्रत्येक शेरा त्या माणसाला कळवला पाहिजे, म्हणजे त्याविरुद्ध दाद मागता येईल. याला माहिती अधिकारातून आपले अहवाल मागता येत होते. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांची मुदत. याने डिप्लोम्याला हजारो मोजले आणि दहा रुपयांचा स्टॅम्प लावला नाही, कारण साहेब नाराज होईल. तो साहेब कधी राजी होता रे तुझ्यावर?

आता काही जण म्हणतील, सरकारी सोडा, शिकून खाजगीत जा, तिथे गुणवत्तेला किंमत आहे. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी तीही गुणवत्ता मोजली. वर्तमानपत्रातल्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज धाडले. शिक्षण सारखं, फरक आडनावाचा. दलित आडनावाला बोलावणं येण्याचा संभव सवर्ण आडनावाच्या सुमारे दोन तृतीयांश भरला. मुसलमानाचा एक तृतीयांश. हे २००७ साली छापून आलं. तर ४४ व्या वर्षी, आपलं आडनाव लावून, संध्याकाळच्या एम.बी.ए.चा कागद नाचवत तू कुठल्या काचेच्या बिल्डिंगीत जाणार? सरळ भरतीचं दारही बंद. राज्यसेवेला मागासवर्गीयाची वयोमर्यादा ४३, ती तू ओलांडलीस. वकिली बाहेरून होत नाही, हजेरी लागते, रजा कोण देणार? पास झालास तरी पगारी नोकरीत असेतो सनद घेऊन कोर्टात उभा राहता येत नाही.

वकिलीबद्दल मात्र माझं मन थोडं द्विधा आहे. बढतीसाठी करत असशील तर पैसे गटारात. पण कचेरीतल्या दहा जणांचे अर्ज लिहायला, शासननिर्णयाची भाषा फोडायला, रिटायर झाल्यावर आपल्या माणसांची कज्जेदलाली नव्हे तर खरीखुरी वकिली करायला करत असशील, तर कर. मग मात्र साहेबाला विचारून करू नकोस. तेही पोरीची बारावी झाल्यावर.

इथे कुणीतरी हमखास बाबासाहेब आणतो. बाबासाहेबांनी नाही का डिग्र्यांमागून डिग्र्या घेतल्या? घेतल्या. १९१७ साली कोलंबियात शिकून आलेला हा माणूस बडोद्याच्या कचेरीत बसला तेव्हा शिपाई लांबून फायली फेकत होते. त्या डिग्रीने बडोद्यात राहायला खोली मिळाली नाही, पारशाच्या धर्मशाळेतून काठ्या घेऊन आलेल्या जमावाने हाकललं. तो पुन्हा लंडनला गेला, डी.एस्सी. आणि बॅरिस्टर होऊन आला. आणि बडोद्याला बढतीचा अर्ज केला का रे त्याने? १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा काढली, १९२७ ला महाडला गेला. १९४६ ला सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा सकाळचे वर्ग ठेवले, नोकरीवाल्या पोरांनी शिकून मग ऑफिस गाठावं म्हणून. शिक्षणाला कमी लेखणारा मी कोण! माझा बाप सही करायला शिकला त्या दिवशी घरात गोड केलं होतं. पण त्याच बाबासाहेबांनी १८ मार्च १९५६ ला आग्र्याला शिकलेल्यांबद्दलचं दुःख भर सभेत बोलून दाखवलं. त्यांनी कुणाला उद्देशून बोललं होतं? कारकुनी करून पोट भरत बसलेल्या तुला-मला. तीन शब्दांच्या घोषणेतला पहिला शब्द आम्ही फ्रेम करून लावला आणि उरलेले दोन रद्दीत घातले.

आणि आमच्या संघटनांनो, तुम्हीही ऐका. कुणी पीएच.डी. झाला की चौकात बॅनर, हार, फोटो. कुणाची बढती मारली गेली की चिडीचूप. कर्मचारी संघटनेचे पदाधिकारी कॅलेंडर छापण्यात गुंतलेले. ६ सप्टेंबर २०२३ ला सरकारने नऊ एजन्सींकडून कंत्राटी माणसं घ्यायचा निर्णय काढला, जिथे रोस्टर नाही की राखीव जागा नाही. पोरं रस्त्यावर आली, ओरडली, तेव्हा ऑक्टोबरात तो रद्द करावा लागला. बॅनरवाले तेव्हा कुठल्या पदवीदानाला गेले होते?

त्या रविवारी दोस्ताची फाईल मी मिटून वहिनींच्या हातात दिली. कोऱ्या कागदावर दोघांनी अर्ज लिहिला: १. माझे सर्व वर्षांचे गोपनीय अहवाल, २. ज्येष्ठता यादी, ३. बिंदुनामावली, ४. पदोन्नती समितीच्या मागच्या तीन बैठकांचं इतिवृत्त. मॅटमध्ये जायचं तर साधारण वर्षाच्या आत जावं लागतं, म्हणून ज्युनिअरच्या बढतीच्या हुकमाची तारीख पहिल्यांदा शोधली. आठ महिने झालेत. चार हातात आहेत. मॅटपुढे स्वतःची बाजू स्वतः मांडता येते, त्याला एल.एल.बी. लागत नाही.

तो म्हणाला, ‘साहेबाला कळेल.’

मी म्हणालो, ‘कळायलाच पाहिजे. म्हणून तर पोच घ्यायची.’

त्याच्या कचेरीत आपली आणखी सात माणसं आहेत. पुढच्या रविवारी वंदनेनंतर तीही येणार आहेत, आपापल्या फायली घरी ठेवून.