हलक्या आवाजातली गाणी



परवाची गोष्ट. आमच्या शाळेत सध्या स्नेहसंमेलनाची तयारी चालू आहे. मधल्या सुट्टीत मी वर्गात वह्या तपासत बसले होते. मागच्या बाकावरून कुणाचं तरी गुणगुणणं ऐकू आलं. चौथीतली एक मुलगी डबा खाता खाता आजीकडून ऐकलेली जात्यावरची ओवी म्हणत होती. इतकी गोड! मी म्हटलं, "अगं, हीच म्हण ना संमेलनात." तिने लगेच मान खाली घातली. "नको बाई. ती आमच्या घरातली आहे. सगळे हसतील."

मी गप्प बसले. पण हातातली वही तशीच राहिली आणि मला आठवली ती दुसरीच नऊ मुलं. तीही अगदी असंच म्हणाली होती. दीडशे वर्षांपूर्वी, तिकडे अमेरिकेत. आज त्यांचीच गोष्ट सांगते.

अमेरिकेत दर फेब्रुवारी महिन्यात कृष्णवर्णीय लोकांच्या इतिहासाची मुद्दाम आठवण केली जाते. कार्टर वुडसन नावाच्या इतिहासकाराने १९२६ साली ही प्रथा सुरू केली. त्याचे आईवडील गुलाम होते, बरं का! आधी तो फक्त एक आठवडा होता, १९७६ पासून पुरा महिना झाला. या महिन्यात तिथल्या विद्यापीठांमधून गाण्याच्या मैफिली होतात. विद्यार्थी लांब झगे घालून रांगेने उभे राहतात. एकजण पुढे होऊन ओळ म्हणतो आणि मागचे सगळे झील धरतात, आपल्याकडे पोवाड्यात धरतात ना, तशी! टाळ्यांचा ठेका, पायांचा ठेका, आणि आवाज असा की छत उडेल की काय असं वाटावं. या गाण्यांना म्हणतात गॉस्पेल.

पण विद्यापीठातल्या मुलांनी आपल्या वाडवडिलांची गाणी घेऊन गावोगाव जायची ही रीत जगाला दाखवली कुणी? ती दाखवली टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल गावच्या फिस्क शाळेतल्या नऊ मुलांनी.

ही शाळा सुरू झाली जानेवारी १८६६ मध्ये. अमेरिकेतली गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा जेमतेम महिना झाला होता. गुलामगिरी म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक आहे. आपण बैलबाजारात बैल घेतो-विकतो, तशी तिथे माणसं घेतली-विकली जात. आई एका मालकाकडे, लेकरू दुसऱ्याकडे. आणि दक्षिणेकडच्या कित्येक राज्यांत गुलामाला लिहायला-वाचायला शिकवणं हा चक्क गुन्हा होता. शिकणारा नव्हे, शिकवणारासुद्धा गुन्हेगार! म्हणजे माझ्यासारखीला तिथे काही खरं नव्हतं.

त्यामुळे शाळा उघडली म्हटल्यावर कोण झुंबड उडाली! सात वर्षांच्या मुलांपासून सत्तर वर्षांच्या आजोबांपर्यंत सगळे मुळाक्षरं गिरवायला बसले. इमारत कसली, युद्धात सैनिकांसाठी बांधलेल्या रुग्णालयाच्या लाकडी बराकी होत्या त्या. पुस्तकांना पैसे नव्हते. तेव्हा नॅशव्हिलमध्ये जिथे गुलाम कोंडून ठेवत, तिथल्या गंजलेल्या बेड्या आणि साखळ्या गोळा करून त्या भंगारात विकल्या, आणि आलेल्या पैशांतून पुस्तकं आणली.

मुलांनो, जरा थांबा हं इथे. ज्या बेड्या हातापायांत होत्या, त्यांचीच पुस्तकं झाली. मी ही गोष्ट वर्गात सांगते तेव्हा दर वर्षी कुणीतरी विचारतंच, "बाई, किती पुस्तकं आली?" तो हिशोब काही माझ्याकडे नाही. पण प्रश्न मला आवडतो.

आता त्या नऊजणांपैकी दोघांची ओळख करून देते. बेंजामिन होम्स हा चार्ल्सटन गावचा. लहानपणी शिंप्याकडे कामाला ठेवलेला गुलाम. शिकवायला कुणी नाही, म्हणून हा पोरगा रस्त्याने जाताना दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं ओळखायला शिकला. पुढे तो गुलामांच्या कोठडीत असताना त्याच्या हाती एक वर्तमानपत्र पडलं. त्यात राष्ट्राध्यक्ष लिंकन यांचा जाहीरनामा छापलेला होता, गुलामांना मुक्त करणारा. बेंजामिनने तो सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. कोठडीत बसलेल्या माणसांना आपण स्वतंत्र झाल्याची बातमी एका पाट्या वाचून शिकलेल्या मुलाने दिली!

दुसरी एला शेपर्ड. तिच्या वडिलांनी साडेतीनशे डॉलर मोजून स्वतःच्याच मुलीला विकत घेतलं, तेव्हा ती मोकळी झाली. आईला मात्र मालकिणीने सोडलं नाही. एलाला संगीत शिकायचं होतं. एक शिक्षिका तयार झाली, पण अट अशी, की मागच्या दाराने यायचं, रात्री यायचं आणि कुणाला सांगायचं नाही. एला तशी गेली आणि शिकली. फिस्क शाळेत ती आली तेव्हा तिच्याजवळ होते फक्त सहा डॉलर. तेवढ्यात तीन आठवडे निघाले असते. पुढे ती त्याच शाळेत संगीत शिकवू लागली.

१८७१ साल उजाडलं आणि शाळा कर्जात बुडाली. बराकी कुजल्या होत्या. शाळेचे खजिनदार होते जॉर्ज व्हाइट, तेच मुलांना गाणंही शिकवत. हे गृहस्थ गोरे, उत्तरेकडचे. त्यांनी ठरवलं, की मुलांचं गायनपथक घेऊन दौरा करायचा आणि पैसे उभे करायचे. ज्या संस्थेची ही शाळा होती, तिने मदत नाकारली. मुलांच्या आईवडिलांनाही ते पसंत नव्हतं. तरी तिजोरीतले उरलेसुरले पैसे घेऊन ६ ऑक्टोबर १८७१ रोजी व्हाइट सर नऊ मुलामुलींना घेऊन निघाले. सर्वांत लहान मिनी टेट, ती चौदा वर्षांची. म्हणजे आठवी-नववीतली!

त्यांनी गायला काय घेतलं होतं? गोऱ्या लोकांना आवडणारी युरोपियन गाणी. त्यांची स्वतःचीही गाणी होती की! शेतात कापूस वेचताना, रात्री लपूनछपून प्रार्थनेला जमताना त्यांच्या आईबापांनी गायलेली. त्यांत बायबलमधल्या मोझेसची कथा असे. इजिप्तच्या राजाने गुलाम केलेल्या लोकांना त्याने सोडवून नेलं ती. मालकाला वाटे, देवाचं गाणं चाललंय. गाणाऱ्याला ठाऊक असे, की इजिप्त कुठला आणि राजा कोण! ही गाणी कागदावर कुठेच नव्हती. तोंडातून कानात आणि कानातून तोंडात.

पण ती परक्यांपुढे गायला मुलं तयार नव्हती. एलाने पुढे लिहून ठेवलंय, की या गाण्यांबरोबर त्यांना गुलामगिरीचे दिवस आठवत आणि ते तर विसरायचे होते. शिवाय आईवडिलांसाठी ती गाणी म्हणजे देवघरातली वस्तू. ती चव्हाट्यावर कशी मांडायची? व्हाइट सरांच्या आग्रहावरून मुलं एकत्र बसत. खुर्च्या पुरेशा नसल्याने जमिनीवरच बसत आणि हलक्या आवाजात एकमेकांना आपापल्या घरची गाणी शिकवत. तरीही ती लोकांसमोर गायची, हे त्यांच्या मनातही नव्हतं. असे बरेच महिने गेले, तेव्हा कुठे त्यांना स्वतःलाच कळू लागलं, की आपल्याजवळ काय आहे.

शिक्षकाने मुलाला किती आग्रह करावा? मी हा प्रश्न स्वतःला पुष्कळदा विचारते. व्हाइट सर फार कडक होते, माझ्याच्याने तेवढं झालं नसतं. पण त्यांनी गाणी आधी मुलांनाच एकमेकांना ऐकवायला लावली, लगेच व्यासपीठावर उभं केलं नाही, हे मला पटतं.

दौऱ्याची सुरुवात वाईट झाली. पैसे जमेनात, थंडीचे दिवस आणि अंगावर धड कोट नाहीत. दोन दिवसांतच शिकागो शहराला प्रचंड आग लागली. हजारो लोक बेघर झाले. या मुलांच्या पदरात तेव्हा एका कार्यक्रमाचे पन्नास डॉलरही आले नव्हते, ते सगळे त्यांनी आगीतल्या लोकांसाठी देऊन टाकले. स्वतःच्या डोक्यावर कर्ज असताना, हं!

खानावळवाले त्यांना जागा देत नसत. एक किस्सा सांगते. त्या काळी गोरे नट तोंडाला बुचाची काजळी फासून काळ्या लोकांची सोंगं काढत आणि लोक पोट धरधरून हसत. न्यूअर्क गावात एका खाणावळीच्या मालकाला वाटलं, ही मंडळी तसलीच सोंगाडी आहेत, म्हणून त्याने त्यांना खोल्या दिल्या. नंतर कळलं, की हा रंग काजळीचा नाही, खरा आहे. झालं! ताबडतोब सगळ्यांना रस्त्यावर काढलं. खोटा काळा रंग चालत होता, खरा चालत नव्हता!

मग आला नोव्हेंबर महिना. ओबर्लिन या गावी पाद्री लोकांची मोठी परिषद भरली होती. मंडळी गप्पा मारत होती, या मुलांकडे लक्ष कुणाचं? अशा गलबल्यात मुलांनी अगदी हलक्या आवाजात आपल्या घरचं एक गाणं सुरू केलं. ओरडून नाही. जमिनीवर बसून एकमेकांना शिकवताना जसं म्हणत, तसंच. हळूहळू गप्पा थांबल्या. सगळीकडे शांत झालं. त्या दिवसापासून कार्यक्रमात ही गाणी वाढत गेली आणि युरोपियन गाणी मागे पडली.

कोलंबस गावी असताना व्हाइट सरांनी पथकाला नाव दिलं, 'जुबिली सिंगर्स'. बायबलात दर पन्नासाव्या वर्षी गुलामांना मोकळं करायला सांगितलं आहे, त्या वर्षाचं नाव जुबिली. १८७२ साली ही मुलं राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्यापुढे गायली. पहिल्या दौऱ्यातून शाळेसाठी वीस हजार डॉलर उभे राहिले. त्याच वर्षी थिओडोर सीवर्ड नावाच्या संगीतकाराने मुलांच्या तोंडून ऐकून ऐकून ती गाणी लिहून छापली.

१८७३ साली ती इंग्लंडला पोहोचली. लंडनमध्ये अर्गाइलच्या ड्यूकच्या घरी प्रत्यक्ष राणी व्हिक्टोरियाने त्यांची गाणी ऐकली. हा ड्यूक तेव्हा हिंदुस्थानचा कारभार पाहणारा मंत्री होता, म्हणजे आपल्या पणजोबा-खापरपणजोबांचं नशीब त्याच्या दप्तरात होतं! आणि गंमत पाहा, त्याच १८७३ साली इकडे पुण्यात महात्मा जोतीराव फुल्यांचं 'गुलामगिरी' हे पुस्तक निघालं. ते त्यांनी कुणाला अर्पण केलं, माहीत आहे? अमेरिकेतल्या ज्या सज्जनांनी काळ्या लोकांना गुलामीतून सोडवायला मदत केली, त्यांना. आपल्या देशबांधवांनीही तो कित्ता गिरवावा, अशी आशा त्यांनी तिथे लिहिली आहे. पालकांनी हे पान मुलांना जरूर काढून दाखवावं.

इंग्लंडमध्ये सुमारे दहा हजार पौंड जमले. त्यातून नॅशव्हिलला विटांची भक्कम सहा मजली इमारत उभी राहिली, जुबिली हॉल. १८७६ च्या जानेवारीत तिचं उद्घाटन झालं. ती आजही उभी आहे. पुढे फिस्कमध्येच शिकलेले विचारवंत ड्यू बॉइस यांना वाटे, की ही इमारत विटांची नव्हे, गाण्यांचीच बांधली आहे.

मात्र या गोष्टीला एक दुखरी बाजू आहे, ती सांगायलाच हवी. दौऱ्यावर दौरे झाले. मुलं दमली, आजारी पडली. १८७८ मध्ये ते पथक बंद करावं लागलं. ज्या शाळेसाठी ती गायली, तिथे बसून स्वतःचं शिक्षण पुरं करायचं मात्र त्यांचं राहून गेलं. मला नेहमी वाटतं, की हे कर्ज फिस्कच्या वह्यांत कुठेही मांडलेलं नसणार. एलाला मात्र तिची आई सापडली. तिने आईला नॅशव्हिलला आपल्याजवळ आणलं.

त्यांच्यातला एक उंचापुरा गायक, फ्रेडरिक लाउडिन, याने मग स्वतःचं पथक काढलं आणि १८८४ ते १८९० अशी जगभर फेरी केली. त्या फेरीत ही मंडळी आपल्या देशातही आली होती. आग्र्याला ताजमहालात उभं राहून त्यांनी कापसाच्या शेतांत जन्मलेलं आपलं गाणं म्हटलं. तिथला घुमणारा आवाज तुमच्यापैकी कुणी ऐकला असेल, तर डोळे मिटून कल्पना करून पाहा.

फेब्रुवारीतल्या ज्या गॉस्पेल मैफिलींबद्दल मी सुरुवातीला बोलले, ते गाणं यानंतरचं. १९३० च्या सुमाराला शिकागोत थॉमस डॉर्सी यांनी त्याला पियानोची आणि ठेक्याची जोड देऊन नवं रूप दिलं. जुनी गाणी वाद्यांशिवाय गायची, तीही मागे पडली नाहीत. फिस्कचं पथक अजून आहे. घाना देशातून शिकायला आलेले पॉल क्वामी आधी त्यात गायले आणि १९९४ पासून २०२२ साली निधन होईपर्यंत त्यांनीच ते सांभाळलं. २०२१ मध्ये या पथकाला ग्रॅमी पुरस्कार मिळाला, तोही गॉस्पेलच्याच गटात.

६ ऑक्टोबरला फिस्कमध्ये जुबिली दिन असतो. आजचे विद्यार्थी त्या पहिल्या गायकांच्या थडग्यांपाशी जातात. तिथे उभं राहून त्यांचीच गाणी म्हणतात.

माझ्या वर्गातल्या त्या मुलीने अजून हो म्हटलेलं नाही. काल मात्र ती शेजारच्या मैत्रिणीला ओवी शिकवत होती. हलक्या आवाजात. मी वह्या तपासत राहिले.

तुमच्या बाई