रस्त्याकडेचें अरण्य

भोकरदन तालुक्यांतील मुलांस ‘अरण्य’ हा शब्द बहुतकरून पुस्तकांतच भेटतो. जालना जिल्ह्यांत वनाखालील भूमि नाममात्र आहे. उत्तरेस अजिंठ्याच्या डोंगरांवर थोडी झाडी दिसते. बाकी जिकडे पाहावें तिकडे कपाशी, मका व सोयाबीन. वड, चिंच, कडुनिंब असे मोठे वृक्ष ओळीनें उभे असलेले पाहावयाचे तर जुन्या रस्त्यांच्या कडेसच जावें लागतें. माझें म्हणणें एवढेंच, कीं ह्या ओळींनाच आपण आपलें अरण्य समजावें आणि रस्ता रुंद करतांना त्याच हिशेबानें वागावें.

रस्ते नकोत असें मी म्हणत नाहीं. अडलेल्या बाळंतिणीस रात्रीं जालन्यास नेण्याचा प्रसंग ज्या घरावर आला असेल, त्या घरास रस्त्याचें मोल सांगावयास नको.

ब्राझील देशांत अमेझॉनच्या अरण्यांतून 1970 नंतर लांबलांबचे रस्ते काढण्यांत आले. माशाच्या कण्यास कांटे असावेत तशा त्यांस आडवाटा फुटल्या, आणि त्या वाटांनीं लाकूडतोडे, गुरांचे मालक व शेतकरी आंत शिरले. तेथील सुमारें 95 टक्के जंगलतोड रस्त्यांपासून साडेपांच किलोमीटरच्या, किंवा नावा चालतील अशा नद्यांपासून एक किलोमीटरच्या आंत झाली, असें 2014 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत दिसून आलें. तेथें रस्ता अरण्यांत शिरला. आमच्याकडे उलट प्रकार आहे. येथें अरण्यच रस्त्याच्या आश्रयास येऊन राहिलें आहे. म्हणून रस्ता दहा हात वाढला कीं उरलेंसुरलें तेंही जातें.

शेजारच्या सिल्लोडवरून अजिंठ्याकडे जाणारा जळगांवचा मार्ग पाहा. त्याच्या रुंदीकरणासाठीं 2018 च्या सुमारास जुने वड तोडले गेले. मग काम वर्षानुवर्षें रेंगाळलें, आणि सावलीही नाहीं व रस्ताही नाहीं अशी प्रवाशांची गत झाली.

आपलें भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. येथील लोकांचीं नांवें सांचीच्या दानलेखांत कोरलेलीं आहेत. माणसांस व जनावरांस सावली मिळावी म्हणून आपण रस्त्यांवर वड लावविले, असें सम्राट् अशोकानें आपल्या स्तंभलेखांत नमूद केलें आहे. रस्ता आणि वृक्ष हे एकमेकांचे वैरी आहेत ही समजूत त्या काळीं नव्हती.

‘तोडलेल्या एका झाडाबद्दल दहा रोपें लावूं,’ असें उत्तर नेहमीं मिळतें. हें गणित मला पटत नाहीं. वडाच्या फळांवर तांबट, साळुंक्या व वटवाघळें जगतात. चतुर्थीस राजुरास पायीं जाणारा भाविक त्याच्या छायेंत घटकाभर टेकतो. नव्या महामार्गांच्या दुभाजकांत कण्हेर व बोगनवेल लावतात. फुलें शोभिवंत खरीं, परंतु कण्हेरीखालीं विसांवलेला वाटसरू मीं तरी अद्याप पाहिला नाहीं!

मग करावें काय? सांगली जिल्ह्यांत भोसे गांवीं रत्नागिरी–नागपूर महामार्गाच्या आड एक पुरातन वटवृक्ष येत होता. 2020 सालीं लोकांनीं वेळींच आवाज उठविला आणि आंखणी थोडी सरकविण्यांत आली. पुढें 2022 सालीं तो वृक्ष आपोआप कोसळला, ही गोष्ट वेगळी; पण आंखणी सरकूं शकते हें तर सिद्ध झालें. मात्र ती कागदावर असतांनाच सरकते. कुऱ्हाड आल्यावर धांवून उपयोग नाहीं. मोजणीचे दगड रोवले जातात तेव्हांच ग्रामसभेंत विचारावयास हवें, कीं एका बाजूची ओळ राखून दुसऱ्या बाजूस रस्ता वाढवितां येणार नाहीं काय?

ह्यासाठीं झाडांची नोंद हातीं पाहिजे, आणि हें काम विद्यार्थ्यांस सहज साधण्यासारखें आहे. येत्या सुटींत एक दोरी व एक वही घेऊन आपापल्या गांवच्या रस्त्यानें जावें. झाडाची जात, छातीइतक्या उंचीवर बुंध्याचा घेर, व जवळच्या मैलाच्या दगडावरील आंकडा लिहून घ्यावा. एक प्रत ग्रामपंचायतींत द्यावी. कोणतें झाड कोणीं लावलें हें घरच्या वडील मंडळींस विचारावें, आणि तें नांवही त्याच ओळींत लिहावें.